झालर क्षेत्र, नवी मुंबईतील : सुगम सेवा व वाहतूक नियोजन

शहराच्या सलग वस्तीच्या कडेला असलेल्या, गाव आणि नगर या दोहोंची लक्षणे बाळगणाऱ्या वस्त्यांतील लोकांना शाळा, दवाखाना, बाजार, सरकारी कार्यालये आणि प्रवासाची साधने अंतर, खर्च किंवा शरीराची मर्यादा आड न येता मिळावीत, यासाठी केले जाणारे नियोजन. प्रस्तुत नोंदीत नवी मुंबई प्रकल्पक्षेत्र आणि त्याला लागून असलेला ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांचा भाग विचारात घेतला आहे.

संज्ञा : भूगोलाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘ग्रामीण-नागरी झालर’ ही संज्ञा रुळली आहे. प्रशासनानेही ती उचलली. छत्रपती संभाजीनगरलगतच्या २८ गावांसाठी सिडकोने (शहर व औद्योगिक विकास महामंडळ) केलेला आराखडा ‘झालर क्षेत्र’ याच नावाने ओळखला जातो. मूळ संकल्पना अमेरिकन समाजशास्त्रातून आली. टी. लिन स्मिथ यांनी १९३७ मध्ये लुईझियानासंबंधीच्या लेखनात शहराच्या झालरीचा उल्लेख केला, वेरवाईन यांनी १९४२ मध्ये ती जमीनवापराच्या संक्रमणाशी जोडली आणि रॉबिन प्रायर यांनी १९६८ मध्ये तिची काटेकोर व्याख्या करण्याचा प्रयत्न केला. या तिघांच्याही डोळ्यांसमोर एका केंद्राभोवती बाहेर पसरत जाणारे शहर होते. नवी मुंबई तशी वाढलेली नाही, त्यामुळे येथे ही व्याख्या जशीच्या तशी लागू करता येत नाही. ‘सुगम’ या शब्दाला ‘सुलभ’ हाही पर्याय सुचवला जातो. परंतु महाराष्ट्रात तो शब्द शौचालयांशी इतका घट्ट चिकटला आहे की नियोजनाच्या लेखनात ‘सुगम’ बरा. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या मोहिमेचे नावही ‘सुगम्य भारत अभियान’ असेच आहे.

कल्पनेचा उगम : खाडीपलीकडे शहर वसवावे आणि ते वाहतूक मार्गाच्या कडेने विखुरलेल्या वस्त्यांचे असावे, ही कल्पना नेमकी कोणाची, याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे तिचे श्रेय स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाकडे जाते. १९५८ मध्ये नेमलेल्या या गटाने १९५९ च्या आरंभी दिलेल्या अहवालात ठाणे खाडीवर रेल्वे आणि रस्ता असा दुहेरी पूल बांधावा, अशी शिफारस केली होती. दुसऱ्या मताप्रमाणे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडलेला प्रस्ताव हाच खरा आरंभ होय. तिसरे मत धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीकडे बोट दाखवते. ही समिती १९६५ मध्ये नेमली गेली. उद्योगांचे नियोजनबद्ध विकेंद्रीकरण करावे आणि मुख्य भूमीवर प्रत्येकी अडीच लाखांहून कमी लोकसंख्येच्या अनेक केंद्रांची वसाहत उभारावी, असे तिने सुचवले.

वास्तुरचनाकारांच्या वर्तुळात दुसऱ्या मताला अर्थातच अधिक मान आहे. मात्र सेवांच्या वाटपापुरते पाहिल्यास गाडगीळ समितीचे ऋण मोठे दिसते. सिडकोच्या आराखड्यातील ‘नोड’, म्हणजे शाळा, बाजार व नित्याच्या गरजांपुरती स्वयंपूर्ण वस्ती, हे त्या समितीच्या बहुकेंद्री वसाहतीचेच रूप होय. फरक एवढाच, की सिडकोने नोड एकमेकांच्या अधिक जवळ ओवले. बर्वे गटाची शिफारस पुरी होण्यास मात्र बराच अवधी गेला. वाशीचा पहिला खाडीपूल १९७२-७३ च्या सुमारास खुला झाला तो केवळ रस्त्याचा. मानखुर्द-वाशी रेल्वे मे १९९२ मध्ये धावली. मधल्या सुमारे दोन दशकांत आलेल्या रहिवाशांची भिस्त बसवरच होती, आणि त्यातही सिडकोने सुरू केलेली बीएमटीसी ही सेवा १९८४ मध्ये बंद पडली. नवी मुंबई महापालिकेची स्वतःची परिवहन सेवा (एनएमएमटी) जानेवारी १९९६ मध्ये आली.

गावांची संख्या : सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तिला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले. ३४४ चौ. किमी. प्रकल्पक्षेत्रात किती गावे आली, याबाबत ८६ आणि ९५ असे दोन आकडे आढळतात. प्रथम अधिसूचित ८६ आणि नंतर जोडलेली ९ मिळून ९५, असा त्यांचा मेळ बसतो. आज दुसरा आकडा अधिक प्रचलित आहे. वाद किरकोळ वाटला तरी परिणाम किरकोळ नाही. यादीत नाव असणे म्हणजे प्रकल्पग्रस्त ठरणे, आणि प्रकल्पग्रस्त ठरणे म्हणजे पुढे साडेबारा टक्के योजनेतील, म्हणजे संपादित जमिनीच्या तेवढ्या प्रमाणात परत मिळणाऱ्या, विकसित भूखंडावर हक्क. हा हक्क मिळण्यामागे जानेवारी १९८४ चे जासई परिसरातील शेतकऱ्यांचे आंदोलन आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला.

संपादन शेतीचे झाले, गावठाणे जागेवरच राहिली. गावठाणाच्या चारी बाजूंना सेक्टर आखले गेले; सेक्टरांत रुंद रस्ते, पदपथ, राखीव भूखंड आले, आणि गावठाणातील गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्याच राहिल्या. घराण्याची वाढ त्याच जागेत मजल्यावर मजला चढवून सामावली गेली. म्हणून नवी मुंबईची झालर शहराच्या बाहेर शोधून भागत नाही. ती नोडच्या पोटात आहे, आणि पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आहे. वाशीचे रेल्वेस्थानक आणि जुहूगाव यांमध्ये फारसे अंतर नाही. तरीही रुग्णवाहिका कुठवर येते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी वेगळे उत्तर देतो. किलोमीटरमध्ये मोजलेली झालर आणि पायरीत मोजलेली झालर यांत नियोजनाच्या दृष्टीने दुसरी अधिक उपयोगी ठरते.

पूर्वेचा पट्टा : ठाणे-बेलापूर मार्ग आणि त्याला जवळपास समांतर जाणारी ठाणे-वाशी रेल्वे (२००४) यांनी शहराचे दोन उभे भाग केले आहेत. पश्चिमेला सिडकोचे नोड, पूर्वेला औद्योगिक विकास महामंडळाचा (एमआयडीसी) ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि त्यामागे डोंगर. दिघा, इलठणपाडा, चिंचपाडा, तुर्भे स्टोअर या दाट वस्त्या याच पूर्वेच्या बाजूला आहेत. तेथील जमीन मुख्यतः औद्योगिक महामंडळाची, रस्ते काही महापालिकेचे, काही महामंडळाचे, रुळांलगतची पट्टी रेल्वेची आणि वरचा उतार वनखात्याचा. बसथांब्याची शेड हलवायची तरी परवानगी कोणाची, येथून सुरुवात होते. सेवा बहुतांशी पश्चिमेला असल्याने रहिवाशाला आधी मार्ग ओलांडावा लागतो. त्यासाठी बांधलेले पादचारी पूल वाहनांची गती अबाधित राखण्याच्या हेतूने उभे राहिले असून पायऱ्या चढू न शकणाऱ्याला ते नसल्यासारखेच आहेत. ऐरोली आणि ठाणे यांदरम्यान दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले, म्हणजे लोहमार्गानंतर सुमारे वीस वर्षांनी. तोवर दिघेकरांच्या डोळ्यांदेखत लोकल जात असे आणि ते शेअर रिक्षाने ऐरोली किंवा कळव्याला जात.

बसची उंची व थांबा : नागरी बसच्या तळाची उंची भारतीय मानकांत सामान्यतः तीन प्रकारची धरली जाते : उंच ९०० मिमी., मध्यम ६५० मिमी. आणि निम्नतळ ४०० मिमी. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान १:१२, म्हणजे १ मीटर चढण्यासाठी १२ मीटर लांबी, असे मानले जाते. पदपथाची उंची १५० मिमी. असेल तर निम्नतळ बसपर्यंत २५० मिमी. चढावे लागते आणि या मानाने ३ मीटर उतार लागतो. उंच बससाठी हाच हिशेब ९ मीटरवर जातो. पदपथच नसेल व बस डांबरी रस्त्यावर उभी राहत असेल, तर निम्नतळ बसलाही ४.८ मीटर लागतात. बसच्या दारातील घडीच्या फळीला याहून तीव्र उतार चालवून घेतला जातो, खुर्ची ढकलणारा माणूस सोबत असतो असे गृहीत धरूनच. तात्पर्य, निम्नतळ बसचा अर्धा गुण थांब्यात असतो. नोडमधील थांब्यांना पदपथ आहेत. गावठाणाच्या वेशीवर आणि औद्योगिक पट्ट्यात बस गटाराच्या कडेला किंवा उभ्या ट्रकच्या अलीकडे रस्त्यातच थांबते, आणि महागडी बस व तिची फळी दोन्ही निरुपयोगी होतात. गुडघेदुखीची आजी, कडेवर मूल असलेली बाई, डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली कोळीण यांचीही अडचण हीच असते. सुगमतेच्या चर्चेत केवळ चाकाची खुर्ची धरली की लाभार्थ्यांची संख्या लहान भासते आणि खर्च अवास्तव वाटू लागतो.

नवी मुंबईची रेल्वेस्थानके याबाबत उजवी मानली जातात. मानखुर्द-वाशी मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. प्रशस्त आवार, भुयारी मार्ग आणि वर व्यापारी संकुल ही रचना वाशी, बेलापूर येथे दिसते ती त्यामुळेच. फलाटापर्यंत पोहोचलेल्याची सोय होते. न पोहोचलेल्याची गणना प्रवासी सर्वेक्षणात होत नाही, आणि मार्ग आखताना मागणी कमी दाखवण्याचे हे एक जुने कारण आहे.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या ४१ व्या कलमात बसथांबे, स्थानके, वाहने व रस्ते यांच्या सुगमतेची तरतूद असून ४५ व्या कलमाने विद्यमान सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नियम १५ मधील मानके केवळ मार्गदर्शक स्वरूपाची असल्याने ती मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवली आणि बंधनकारक किमान मानके करण्याचा आदेश दिला. राज्याच्या पातळीवर डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अडथळाविरहित बांधकामाच्या तरतुदी आहेत. ती लागू करताना मात्र बृहन्मुंबईसोबत औद्योगिक महामंडळाचे क्षेत्र आणि नैना (पनवेलपलीकडचे विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र) ही वगळण्यात आली. नवी मुंबईच्या झालरीचा मोठा भाग नेमका या दोहोंत मोडतो.

आरोग्य व शिक्षण : प्राथमिक सेवा नागरी आरोग्य केंद्रांतून मिळतात, महापालिकेची मोठी रुग्णालये वाशी, नेरूळ व ऐरोली येथे आहेत. दिव्यांग मुलांसाठीचे महापालिकेचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र वाशीत आहे. त्याची ख्याती शहराबाहेरही आहे. परंतु उपचार आठवड्यातून अनेकदा घ्यावे लागत असल्याने पालकाचा रोजगार आणि मुलाचा प्रवास यांची सांगड घालणे हाच खरा प्रश्न ठरतो.

दक्षिणेकडील विस्तार : बेलापूर-पेंधर मेट्रोची (११.१ किमी., ११ स्थानके) पायाभरणी २०११ मध्ये झाली व ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. उरण लोहमार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणपर्यंतचा जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. दोन्ही ठिकाणी घरे आधी व गाडी नंतर असा क्रम राहिला, जो १९७३ च्या मसुदा आराखड्यातील तत्त्वाच्या उलट आहे. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. तिच्यापलीकडे विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र, म्हणजेच नैना, जानेवारी २०१३ मध्ये सिडकोकडे सोपवण्यात आले. येथे संपादनाऐवजी नगररचना परियोजनेची पद्धत स्वीकारली आहे : जमीनधारक भूखंडाचा काही भाग रस्ते व सुविधांसाठी सोडतो आणि उरलेला विकसित भूखंड त्याच्याकडे राहतो. जुन्या संपादनाची आठवण ताजी असल्याने स्थानिक शेतकऱ्यांचा या पद्धतीलाही विरोध आहे.

चौदा गावे : पारसिक डोंगराच्या पूर्वेस, शिळफाट्याच्या बाजूला दहिसर, पिंपरी, भंडार्ली, उत्तरशिव, गोठेघर आदी १४ गावे आहेत. आरंभी ती नवी मुंबई महापालिकेत होती. करांचा बोजा व सेवांचा अभाव या तक्रारींवरून झालेल्या मागणीनंतर २००७ मध्ये ती वगळली गेली. ग्रामपंचायतींना कचरा, पाणी आणि भंगारगोदामांची वाढ आवरेना, तेव्हा पुन्हा समावेशाची मागणी झाली आणि २०२२ पासून ती प्रक्रिया सुरू झाली. नकाशावर ही गावे घणसोली-महापेला खेटून दिसतात. प्रत्यक्षात मध्ये डोंगर असल्याने वाट शिळफाटा-महापे रस्त्याने वळसा घालून जाते, आणि तो रस्ता अवजड वाहनांचा आहे. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई या तीन महापालिकांच्या मध्ये असूनही ही गावे कोणत्याच परिवहन उपक्रमाच्या मुख्य मार्गावर येत नाहीत. समावेशाच्या बाजूने व विरोधात झालेल्या चर्चेत निधीचा मुद्दा वारंवार आला; पहिली बस कोणत्या आगारातून सुटेल, हा त्यामानाने कमी.