फील्डमधला ‘= ०’ आणि लोकलमधला ‘= ०’

गोरेगावच्या आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलाने परवा चेकस्टाइल या कोडच्या लिखाणाचे नियम तपासणाऱ्या टूलच्या वॉर्निंग वाचल्या आणि जावाच्या फाइलींतले दिसतील तेवढे ‘= ०’ आणि ‘= नल’ (नल म्हणजे ‘काहीच नाही’) काढून टाकले. बिल्ड फेल. “दादा, टूलनेच काढायला सांगितलं ना?” टूल बोलत होतं फक्त फील्डबद्दल.

फील्ड म्हणजे थेट क्लासमध्ये लिहिलेलं व्हेरिएबल. ऑब्जेक्ट तयार होताना जावा स्वतःच त्यात किंमत भरते: संख्येला ०, बूलियनला फॉल्स, रेफरन्सला नल. वर आपण ‘= ०’ लिहिलं की तेच काम दुसऱ्यांदा होतं. चेकस्टाइलचा ‘एक्सप्लिसिट इनिशियलायझेशन’ नियम एवढंच पकडतो. फायनल, म्हणजे एकदाच किंमत मिळणारं फील्ड तो सोडून देतो, कारण तिथे किंमत द्यावीच लागते.

मेथडमधल्या लोकल व्हेरिएबलला आपोआप काहीच मिळत नाही. लूपमध्ये बेरीज करायची तर सुरुवातीचा ‘= ०’ हवाच, नाहीतर कंपायलर अडवतो.

घोळ होतो तो यामुळे की लोकलमध्येही फुकटची किंमत असू शकते. वर ‘= नल’ आणि खाली इफ-एल्स, दोन्हीकडे नवी किंमत. हे ओळखायला कोडच्या सगळ्या वाटा तपासाव्या लागतात. चेकस्टाइलचा हा नियम त्या वाटेला जातच नाही, इंटेलिजे हा कोड एडिटर मात्र दाखवतो. ही किंमत काढण्यात मला जास्त फायदा दिसतो. उद्या एल्समध्ये कुणी किंमत द्यायला विसरलं, तर कंपायलर तिथेच थांबवेल. ‘= नल’ तसाच ठेवला, तर ती चूक प्रोग्रॅम चालू असताना नल पॉइंटर एक्सेप्शन होऊन समोर येईल.

फील्डमधला ‘= ०’ सुद्धा दरवेळी निरुपद्रवी नसतो. पॅरेंट क्लासच्या कन्स्ट्रक्टरने (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडने) एक मेथड बोलावली, ती चाइल्ड क्लासने ओव्हरराइड केलेली, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलेली आहे आणि चाइल्डच्या फील्डमध्ये ५ भरते, असं समजा. चाइल्डचे इनिशियलायझर, म्हणजे फील्डपुढचे ‘= …’, पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर संपल्यावर चालतात, त्यामुळे ‘= ०’ त्या ५ वर पाणी फिरवतो. तो काढला की ५ टिकून राहतो, म्हणजे प्रोग्रॅमचं वागणंच बदलतं. मुळात कन्स्ट्रक्टरमधून अशी मेथड बोलावणंच चुकीचं, पण जुन्या कोडमध्ये ती सापडते आणि नियमाला ती दिसत नाही.

आम्ही लोकलमधले ‘= ०’ आणि ‘= नल’ परत आणले, इफ-एल्सवाले सोडून. फील्डमधले काढण्याआधी, एक्स्टेंड्स असलेल्या प्रत्येक क्लासच्या पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर त्याने माझ्या शेजारी बसून वाचला.