सीएमव्हीच्या जनुकात घुसलेलं एक अक्षर

ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉडर्ना या अमेरिकी कंपनीच्या, सीएमव्ही नावाच्या विषाणूविरुद्धच्या लसीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचा निकाल लागला. लस संसर्ग रोखू शकली नाही. परिणामकारकता जेमतेम ६ ते २३ टक्के. एमआरएनए तंत्र (प्रथिन बनवायची कृती पेशींना देणारं लसतंत्र) आलं, आता हवी ती लस झटपट मिळेल, हा गाजावाजा किती पोकळ होता ते यातून दिसतं.

सायटोमेगॅलो विषाणू म्हणजे सीएमव्ही हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. निरोगी मोठ्या माणसांना त्याचा बहुधा पत्ताही लागत नाही. गर्भापर्यंत पोचला तर मात्र बाळाला बहिरेपण येऊ शकतं, मेंदूची वाढ खुंटू शकते. श्रीमंत देशांतही साधारण २०० बाळांमागे एक बाळ हा संसर्ग घेऊन जन्मतं. आईने काय खाल्लं, काय पाहिलं याचा इथे काडीचाही संबंध नाही. तिला दोष देणं थांबायलाच हवं.

माझं मन गुंतलंय ते त्याच्या जनुकांत. १९५० च्या दशकात वेगळा केलेला एडी१६९ हा वाण प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं फायब्रोब्लास्ट या जोडऊतींतल्या पेशींत वाढवला गेला. या पेशींत शिरायला विषाणूच्या तीन प्रथिनांचा संच पुरतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत शिरायला मात्र पाच प्रथिनांचा संच लागतो: जीएच, जीएल, यूएल१२८, यूएल१३० आणि यूएल१३१ए. फायब्रोब्लास्टमध्ये हा संच नुसता निरुपयोगी नाही, तो वाढीला अडथळाही आणतो. म्हणून हा संच बिघडलेले विषाणू तिथे पुढे निघून जातात. एडी१६९ च्या यूएल१३१ए जनुकात एकच अक्षर, म्हणजे डीएनएचा एक घटक, जास्तीचं घुसलं. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. ‘कमल मगर नयन’मध्ये एक ‘ट’ घाला: ‘कटम लमग रनय न’. पुढचं सगळं वाचन बिघडलं! टाउन नावाच्या दुसऱ्या वाणात यूएल१३० मध्ये दोन अक्षरं घुसली. १९७० च्या दशकातली एक लस याच वाणाची होती; लहान मुलांच्या आयांना ती संसर्गापासून वाचवू शकली नाही.

मॉडर्नाने पाच प्रथिनांच्या संचाची ही उणीव भरून काढली होती. लशीत सहा एमआरएनए होते: पाच या संचाचे, सहावा विषाणूच्या आवरणावरच्या जीबी प्रथिनाचा. तरीही ती अपुरी पडली. याचं एक संभाव्य कारण म्हणजे, पेशीत शिरायची दारं बंद करणाऱ्या प्रतिपिंडांवर सगळं भागत नाही. हा विषाणू एका पेशीतून लगतच्या पेशीत सरकतो. यूएस२, यूएस११ अशी त्याची जनुकं बाधित पेशीवरच्या खुणा नष्ट करतात, त्यामुळे बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशींना ती पेशी ओळखू येत नाही. आधी संसर्ग होऊन गेलेल्या आईलाही दुसऱ्या वाणाची लागण होऊ शकते आणि एकाच शरीरात भेटलेले दोन वाण आपसात जनुकांची अदलाबदल करतात. म्हणजे नैसर्गिक संसर्गातून मिळते त्याहून सरस प्रतिकारशक्ती लसीला द्यावी लागणार आहे.