पक्षाने काढलेला खासदार अपक्ष होत नाही

पक्षाने एखाद्या खासदाराची हकालपट्टी केली की संध्याकाळच्या चर्चेत कोणीतरी हमखास म्हणतो, ‘चला, आता ते अपक्ष झाले, मोकळे झाले.’ दर वेळी हेच, आणि दर वेळी चुकीचे. पक्षांना विटलेला मतदार ‘यापेक्षा अपक्ष बरा’ म्हणतो तेव्हा मी त्याच्या बाजूने असतो. म्हणूनच अपक्ष नक्की कोण, याबाबतचा हा घोळ मला सहन होत नाही.

पक्षाचा खासदार कसा असतो ते सांगत बसत नाही. एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद), चिन्ह, व्हिप (सभागृहात मत कसे द्यायचे याचा पक्षादेश) हे सगळ्यांना पाठ आहे. अपक्षाच्या अर्जावर एका सूचकाऐवजी दहा सूचक लागतात, चिन्ह मुक्त चिन्हांच्या यादीतून मिळते, सभागृहात बोलायला वेळ फार थोडा मिळतो. हे फरक खरे आहेत, पण त्यात कोणाची फसगत होत नाही.

फसगत होते ती पुढे. खासदार कोणाचा, हे निवडून येताना तो कोणाचा उमेदवार होता यावर ठरते. आज तो कोणासोबत बसतो याला तिथे किंमत नाही. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, आली. तिच्यानुसार ज्या पक्षाने उमेदवारी दिली तोच सदस्याचा पक्ष. १९९६ मध्ये तमिळनाडूच्या जी. विश्वनाथन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हकालपट्टीनेही हे नाते तुटत नाही. अशा सदस्याला ‘असंलग्न’ म्हणून वेगळे बसवले तरी कायद्याच्या लेखी तो जुन्याच पक्षाचा. घराबाहेर काढले, पण रेशनकार्डावर नाव तसेच. तो दुसऱ्या पक्षात गेला तर मूळ पक्ष स्वेच्छेने सोडला असे धरले जाते आणि खासदारकी जाऊ शकते.

खऱ्या अपक्षाला व्हिप बजावणारा कोणीच नसतो. अविश्वास ठराव असो की अर्थसंकल्प, तो स्वतःच्या बुद्धीने मत देतो आणि त्या मतासाठी त्याला कोणी अपात्र ठरवू शकत नाही. पक्षाच्या खासदाराला मात्र आपल्याच मतदारसंघाच्या मुळावर येणाऱ्या विधेयकावरही, व्हिप निघाला की, हात वर करावा लागतो. माझ्या लेखी अपक्षाच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

यावर लगेच ऐकू येते, ‘म्हणजे अपक्षाला पक्षांतरबंदी लागूच नाही, तो कुठेही उडी मारू शकतो.’ हा सगळ्यात चिवट गैरसमज. निवडून आल्यावर अपक्ष कोणत्याही पक्षात गेला तर तो अपात्र ठरतो. राष्ट्रपतिनियुक्त सदस्याला पक्ष निवडायला निदान सहा महिने मिळतात, अपक्षाला एक दिवसही नाही. पक्षाच्या खासदारांना दोन-तृतीयांश जमवून विलीनीकरणाची वाट मोकळी आहे. एकटा अपक्ष कोणाचे दोन-तृतीयांश जमवणार? पक्षांनी स्वतःसाठी मागचे दार ठेवले आणि अपक्षासाठी ते बंद केले, याची मला चीड येते.

पाठिंबा देणे ही गोष्ट निराळी. हरियाणातल्या जगजितसिंह प्रकरणात अपक्ष आमदारांची आमदारकी गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता कायम ठेवली, पण त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की नुसता बाहेरून पाठिंबा म्हणजे पक्षप्रवेश नव्हे. निवडून येतानाचे अपक्षपण सदस्याने सोडले का, हे पाहायचे. सांगलीत २०२४ ला आघाडीत जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली, काँग्रेसच्या विशाल पाटलांनी बंड केले, लिफाफा चिन्हावर लाखभर मतांनी जिंकले आणि मग काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र दिले. पत्र दिले तरी ते अपक्षच. काँग्रेसचा व्हिप त्यांना लागू होत नाही. हेच पाटील हाताच्या चिन्हावर जिंकून पुढे काँग्रेसने त्यांना काढले असते, तर कायद्याने ते काँग्रेसचेच राहिले असते. माणूस तोच, मतदारसंघ तोच. फरक एका एबी फॉर्मचा.

बंडखोर अपक्षाला मत द्यायला माझी हरकत नाही. कोल्हापूरकरांनी २००९ ला सदाशिवराव मंडलिकांना असेच निवडून दिले होते. पण पाठिंबा कोणाला द्यायचा, यावर कायद्याचा लगाम नाही हे लक्षात ठेवावे. अमरावतीत २०१९ ला नवनीत राणा काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून जिंकल्या आणि नंतर मोदी सरकारच्या बाजूने उभ्या राहिल्या. तेव्हा अपक्ष उमेदवार दारात आला की मतदानाआधीच विचारावे: निवडून आल्यावर पत्र कोणाला देणार, आणि कोणत्या मुद्द्यावर ते परत घेणार?