आधी रॅम्प, मग कॉकपिट: कॅनडाच्या उत्तरेतल्या वैमानिक-भरतीची शंभर वर्षं

कमर्शियल पायलटचं लायसन्स काढून, जेमतेम दोनशे-अडीचशे तासांचं लॉगबुक घेऊन एखादा पोरगा कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाइफला पोहोचतो, तेव्हा कंपनी त्याच्या हातात पहिल्यांदा फावडं देते. पंखांवरचा बर्फ झाडायचा, इंजिनावरची गोधडीसारखी जाड कव्हरं काढायची, हीटरचा जाडजूड पाइप लावायचा, इंधन भरायचं, माशांच्या पेट्या आणि लोकांच्या बॅगा चढवायच्या. बाहेर उणे ३८ अंश. या कामाला तिकडे 'रॅम्प' म्हणतात, आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या तळावर 'डॉक'. सहा महिने, वर्ष, वाईट काळात दोन वर्षंही हेच चालतं. मग कधीतरी उजवीकडची, म्हणजे को-पायलटची, सीट रिकामी होते.

आपल्याकडे हे ऐकून लोक चक्रावतात. भारतात सीपीएल (कमर्शियल लायसन्स) झालं, वर टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचे, पैसे भरले, की नशीब असेल तर मुलगा थेट एअरबसच्या उजव्या सीटवर बसतो. विमानतळावर सामान उचलणं त्याच्या गावीही नसतं. कॅनडात उड्डाण शिकायला गेलेल्या मराठी मुलांना म्हणूनच उत्तरेतली ही रीत ऐकून आधी चेष्टा वाटते. पण ही रीत कुणी मुलांना राबवून घ्यायचं म्हणून एका दिवसात काढलेली नाही. (राबवून घेणारेही आहेत, त्याकडे येतोच.) ती कुठून आली हे पाहायचं तर विमान हेच नवल होतं त्या काळात जावं लागतं.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा कॅनडात हजारो तरुण वैमानिक बेकार होऊन परतले होते आणि सरकारकडे युद्धात उरलेली विमानं पडून होती. जून १९१९मध्ये स्टुअर्ट ग्रॅहमने नौदलाचं जुनं एचएस-२एल फ्लाइंग बोट (पाण्यावर उतरणारं विमान) हॅलिफॅक्सजवळून क्विबेकमधल्या लाक-आ-ला-तोर्त्यू तलावावर नेलं. काम होतं जंगलातले वणवे शोधायचं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९२०मध्ये, विनिपेगच्या एका विमान कंपनीकडे केसाळ कातड्यांचा एक व्यापारी आला आणि म्हणाला, मला घरी पोचवा. घर होतं उत्तर मॅनिटोबातलं द पा. वाटेत थांबत, हवामान बघत तो पोचला. आडरानातल्या विमानसेवेचा, म्हणजे 'बुश फ्लाइंग'चा, पहिला प्रवासी म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

खरी कसोटी लागली १९२१मध्ये. दूर उत्तरेत नॉर्मन वेल्सला तेल सापडलं होतं आणि इम्पीरियल ऑइलने दोन युंकर्स विमानं तिकडे धाडली, 'व्हिक' आणि 'रेने'. पत्र्याची, बंद केबिनची, त्या काळी अगदी नवी. वाटेत फोर्ट सिम्पसनला झालेल्या अपघातांत दोन्हींचे लाकडी पंखे (प्रोपेलर) मोडले. बाहेरून पंखा यायला महिने लागले असते. तेव्हा एअर इंजिनिअर बिल हिल आणि कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या ठाण्यावरचा सुतार वॉल्टर जॉन्सन यांनी घसरगाडीच्या ओक लाकडाच्या फळ्या घेतल्या, मूस हरणाच्या कातड्यापासून केलेला सरस लावून त्या एकमेकींवर चिकटवल्या आणि मोडका पंखा नमुन्याला ठेवून नवा कोरून काढला. तो चालला! वैमानिक गॉर्मन आणि फुलर्टन यांची नावं पुस्तकांत येतात, पण मला या गोष्टीत नेहमी सुतारच मोठा वाटतो. त्या हाताने घडवलेल्या पंख्यांपैकी एक आजही ओटावाच्या विमान संग्रहालयात आहे.

तिथपासून उत्तरेत विमान म्हणजे दोन माणसांचा संसार झाला, एक वैमानिक आणि एक एअर इंजिनिअर. त्यांची हिवाळ्यातली दिनचर्या बघा. तळ्याच्या बर्फावर स्कीवर उतरलं की इंजिन गार व्हायच्या आत ऑइल डब्यात काढून घ्यायचं, नाहीतर सकाळी त्याचा डिंक झालेला असतो. स्की रात्रीत बर्फाला चिकटून बसतात, म्हणून त्यांच्याखाली ओंडके किंवा स्प्रूसच्या फांद्या सारायच्या. पंखांवर कापड टाकायचं. पहाटे इंजिनावरून जमिनीपर्यंत कॅनव्हासचा घोंगता सोडायचा आणि त्याच्या आत एकाने पेट्रोलवर चालणारा भरभरणारा ब्लोपॉट (एक प्रकारची शेगडी) घेऊन तासभर, कधी दोन तास बसायचं. डोळ्यांत धूर, डोक्यावर पेट्रोलची टाकी, शेजारी अग्निशामक. जरा डुलकी लागली की घोंगता पेटायचा आणि त्याबरोबर विमानही. अशी विमानं खरोखर जळालेली आहेत. दुसरा तोवर शेगडीवर ऑइल गरम करतो. इंजिन ऊबदार झालं की ऑइल ओतून ताबडतोब सुरू करायचं. ते नाही झालं, तर सगळं पहिल्यापासून.

आजच्या रॅम्पवरचं हीटर आणि कव्हरांचं काम याचंच वंशज आहे. विमान सांभाळता येत नाही त्याच्या हाती विमान द्यायचं नाही, हा त्या दिवसांतला साधा हिशेब होता. तो अजून पुरता पुसला गेलेला नाही. उत्तरेतल्या छोट्या कंपनीत चीफ पायलट ऑफिसच्या खिडकीतून वर्षभर बघत असतो: कोण उणे ४० मध्ये कव्हर नीट घडी घालून ठेवतो, कोण वजनाचा आकडा अंदाजे ठोकून देतो, कोण हात आखडता घेतो. तीच मुलाखत.

विमानं वाढली ती सोन्यामुळे. १९२६मध्ये ओंटारिओतल्या रेड लेकला सोन्यासाठी झुंबड उडाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी विनिपेगचे धान्य व्यापारी जेम्स रिचर्डसन यांनी वेस्टर्न कॅनडा एअरवेज काढली. १९२७च्या वसंतात तिच्या फोकर विमानांनी हडसन उपसागरावरच्या चर्चिलला १४ माणसं आणि सुमारे आठ टन सामान पोचवलं. बंदर कुठे बांधायचं, हे त्यातून ठरलं. पंच डिकिन्स या वैमानिकाने १९२८मध्ये ओसाड टुंड्रा विमानाने ओलांडला. वॉप मे आणि व्हिक हॉर्नर यांनी जानेवारी १९२९मध्ये उघड्या कॉकपिटच्या चिमुकल्या एव्हियन विमानातून घटसर्पावरचं औषध (अँटिटॉक्सिन) फोर्ट व्हर्मिलियनला नेलं. वर्तमानपत्रांनी यांना वीर केलं. त्या प्रसिद्धीचा फायदा कंपन्यांना आजतागायत होतो आहे. साहसाच्या नावावर पगार कमी देता येतो.

उत्तर म्हणजे शिडी, ही कल्पनाही तिथलीच. ग्रँट मॅककॉनाकीने तिशीच्या दशकात अल्बर्टाच्या उत्तरेकडच्या तळ्यांवरून मासे वाहून धंदा सुरू केला. १९४१-४२मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने अशा दहा आडरानी कंपन्या विकत घेऊन एकत्र केल्या, त्यातून कॅनेडियन पॅसिफिक एअरलाइन्स झाली आणि १९४७मध्ये हाच मासेवाला तिचा अध्यक्ष झाला. मॅक्स वॉर्डने १९४६मध्ये यलोनाइफला एक फॉक्स मॉथ विमान घेऊन दुकान थाटलं. पुढे त्याच्या वॉर्डएअरकडे ७४७ जंबो होती. १९८९मध्ये ती विकली गेली, तो भाग वेगळा. फावड्यापासून जंबोपर्यंत, हे प्रत्येक रॅम्पवाल्या पोराच्या मनात असतं ते या दोघांमुळे.

आता विमानांबद्दल, कारण भरतीचं गणित विमानानेच बदललं. १९४७मध्ये टोरंटोच्या डी हॅविलँडने बीव्हर उडवलं. त्याआधी पंच डिकिन्सने, तो तेव्हा याच कंपनीत होता, आडरानातल्या वैमानिकांना प्रश्नावली पाठवून 'तुम्हाला काय हवं' असं विचारलं होतं. उत्तरं कामाच्या माणसांची होती: आखूड जागेतून उठायला ताकद, आणि इंधनाचं पिंप लोटत आत नेता येईल एवढं दार. ऑइल भरायचं तोंडही कॉकपिटच्या आत दिलं, म्हणजे हवेत असतानाच ऑइल घालता येतं. त्याच घराण्यातली ऑटर आणि कॅरिबू विमानं पुढे भारतीय हवाई दलाने आपल्या ईशान्येच्या डोंगरांत वापरली.

पण बीव्हर एका वैमानिकाचं विमान. त्यात नवख्याला जागाच नाही. कंपनीला अनुभवी माणूस हवा आणि अनुभव मिळवायला जागा हवी, हे दुष्टचक्र. कंपास भरवशाचा नाही, खाली खुणेला काही नाही, अशा मुलुखात एकट्याने उडणं म्हणजे काय, ते बॉब गॉशीच्या गोष्टीवरून कळतं. २ फेब्रुवारी १९६७ला केंब्रिज बेहून यलोनाइफला निघालेला हा वैमानिक वाट चुकला, इंधन संपत आलं तेव्हा एका निनावी वाटणाऱ्या तळ्यावर बीव्हर उतरवून बसला. विमानात गोठलेले मासे होते, तेच कच्चे खात त्याने ५८ दिवस काढले. शोध कधीच थांबला होता. १ एप्रिलला वरून जाणाऱ्या विमानाला खाली काहीतरी चमकलेलं दिसलं. तो जगला, पायाची बोटं गेली.

१९६५मध्ये ट्विन ऑटर आलं आणि चित्र पालटलं. दोन टर्बाइन इंजिनं, एकोणीस-वीस माणसं, तळ्यावर, बर्फावर, खडीच्या पट्टीवर कुठेही उतरणारं. नियमित प्रवासी वाहतुकीला दोन वैमानिक लागू लागले. म्हणजे कॉकपिटमध्ये नवख्यासाठी एक हक्काची खुर्ची तयार झाली, आणि खुर्ची आली की रांग आली. ती रांग उभी राहिली रॅम्पवर. त्यामुळे आजची भरतीची पद्धत मला विसाच्या दशकापेक्षा सत्तरच्या दशकातली जास्त वाटते. कामाचं स्वरूप जुनं, रांग नवी.

त्या रांगेत बाया फारशा नव्हत्या. बॅगा उचलता येतील का, छावणीत झोपायची सोय काय, अशी कारणं पुढे केली जात. विनिपेगच्या ट्रान्सएअरने १९७३मध्ये रोझेला ब्यॉर्नसनला एफ-२८ जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, म्हणून घेतलं, ती उत्तर अमेरिकेतली अशी पहिली. लॉर्ना डेब्लिकीने तर त्याआधीपासून आर्क्टिकमध्ये विमानं उडवली आणि नोकरीतल्या भेदभावाबद्दल जाहीरपणे तोंड उघडलं.

रॅम्पवर किती दिवस काढायचे, हे खरं तर उत्तरेत ठरतच नाही. दक्षिणेतल्या मोठ्या एअरलाइन्स भरती करू लागल्या की उत्तरेतले कॅप्टन निघून जातात, को-पायलट कॅप्टन होतात, आणि फावडं घेतलेला पोरगा तीन-चार महिन्यांत वर चढतो. २००१च्या सप्टेंबरमधल्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर आणि नोव्हेंबरमध्ये कॅनडा ३००० ही एअरलाइन बुडाल्यावर अनुभवी लोकच बेकार झाले, तेव्हा रांग हललीच नाही. २०२०च्या साथीत पुन्हा तेच. २०२२नंतर उलटं: माणसं टिकेनात. त्यातच वैमानिकांच्या थकव्याचे नवे नियम मोठ्या कंपन्यांना डिसेंबर २०२०मध्ये आणि छोट्यांना डिसेंबर २०२२मध्ये लागू झाले. पूर्वी सर्रास चालणारी चौदा तासांची ड्यूटी आता सुरुवातीच्या वेळेनुसार नऊ ते तेरा तासांवर आली. तेवढ्याच कामाला माणसं जास्त लागतात. उत्तरेतल्या कंपन्यांनी याविरुद्ध बरीच ओरड केली, पण उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही म्हणून माणूस थकत नाही, हा युक्तिवाद मला कधी पटलेला नाही.

शोषणाचं म्हणाल तर ते आहेच. 'पुढच्या वसंतात तुझा नंबर' हे वाक्य तीन वसंत ऐकलेली मुलं असतात. ट्रेनिंगच्या खर्चासाठी बाँड लिहून घेतात, मध्येच सोडलं तर पैसे भरा. तोंडी आश्वासनावर दीड हजार किलोमीटर गाडी हाकत जाऊ नये, कॅप्टन होऊन गेलेल्या लोकांशी बोलून मग जावं, असं तिथले जुने लोक सांगतात. पण जावं लागतं हेही तेच सांगतात. ईमेलवरचा अर्ज वाचलाच जात नाही. तळी मोकळी होण्याच्या आधी, एप्रिलमध्ये, स्वच्छ दाढी करून दारात उभं राहणाऱ्याला काम मिळतं.

या सगळ्यात एक बाजू उशिरा पुढे आली. नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशातली पंचवीसही गावं रस्त्याने जगाला जोडलेली नाहीत. डांबरी धावपट्टी फक्त इकालुइट आणि रँकिन इनलेटला, बाकी सगळीकडे खडी. भाजीपासून बाळंतिणीपर्यंत सारं विमानाने. दक्षिणेतून आलेल्या वैमानिकासाठी ही तासांची शाळा, गावासाठी मात्र तो दर दोन वर्षांनी बदलणारा चेहरा. १९७५च्या जेम्स बे जमीन-हक्क करारानंतर क्विबेकच्या उत्तरेतल्या, म्हणजे नुनाविकमधल्या, इन्युइट या मूळ रहिवाशांची माकिविक ही संस्था उभी राहिली आणि तिने १९७८मध्ये एअर इन्युइट काढली. आता तिथे स्थानिक मुलांना वैमानिक करण्याचे कार्यक्रमही चालतात.

त्याच नुनाविकचे पहिले इन्युइट वैमानिक जॉनी मे. १९६५पासून दर नाताळला कूजुआक या आपल्या गावावर ते विमान घेऊन यायचे आणि खाली जमलेल्या गावावर चॉकलेटं, मोजे, खेळणी, चक्क डायपरसुद्धा टाकायचे. पन्नासहून जास्त वर्षं. पोरं बर्फातून धावत सुटायची, आजीबाई मोठ्या पिशव्या उघडून उभ्या असायच्या. जॉनी मे कुठे निघून गेले नाहीत, ते त्याच गावचे होते.