हात फडफडवणे ही ‘मोडायची सवय’ नव्हे

स्वमग्न (ऑटिझम असलेले) मूल हात फडफडवू लागले किंवा जागच्या जागी डुलू लागले की ‘आत्ताच हात धरा, नाहीतर सवय जडेल’ असा सल्ला आईवडिलांना हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. या हालचाली, म्हणजे स्टिमिंग, हे वाईट वळण नसून गोंगाट, प्रखर उजेड, चिंता किंवा अनावर आनंद पेलण्याचा मार्ग असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२ स्वमग्न प्रौढांच्या अनुभवांतून हेच पुढे आले, आणि या हालचाली बंद पाडण्याला त्यांनी विरोधही दर्शवला. (पाय हलवत पेपर लिहिणाऱ्याला आपण कुठे अडवतो?) मूल डोके आपटत किंवा स्वतःला चावत असेल, तर मात्र हस्तक्षेप हवाच; तेव्हाही आधी कान-दात दुखत नाहीत ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि चघळण्याच्या खेळण्यासारखा सुरक्षित पर्याय द्यावा.