विद्यार्थ्यांच्या शेतासाठी अमेरिकेचा भाजीपाला सुरक्षा नियम: सवलत, कागदपत्रं, प्रशिक्षण

विद्यापीठातलं विद्यार्थ्यांचं शेत असो की आठवडी बाजारात भाजी विकणारा चार एकरांचा मळा, पहिला प्रश्न ठरलेला: अमेरिकेच्या भाजीपाला सुरक्षा नियमातून सवलतीसाठी अर्ज कुठे करायचा? कुठेच नाही. एफडीए (अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन) सवलत मंजूर करत नाही, तसं प्रमाणपत्रही देत नाही. आपण सवलतीत बसतो का हे शेतानेच ठरवायचं आणि तपासणीच्या वेळी कागदावर दाखवायचं.

हिशेब मागच्या ३ वर्षांच्या सरासरीवर चालतो. फळं-भाजीपाल्याची वार्षिक विक्री २५,००० डॉलरपर्यंत असेल तर नियम लागूच होत नाही. त्यापुढे सशर्त सवलत आहे. तिच्यासाठी एकूण अन्नविक्री ५,००,००० डॉलरच्या आत हवी (यात अंडी, मध, जनावरांचा चारासुद्धा धरतात) आणि निम्म्याहून जास्त रक्कम थेट ग्राहकांकडून किंवा त्याच राज्यातल्या वा २७५ मैलांच्या आतल्या रेस्टॉरंट व किरकोळ दुकानांकडून आलेली हवी. दोन्ही मर्यादा २०११ च्या किमतींवर आधारलेल्या आहेत आणि महागाईनुसार बदलतात, म्हणून चालू आकडा एफडीएच्या संकेतस्थळावरच पाहावा.

कॅम्पसची मेस रेस्टॉरंटमध्ये मोडते. माल पुढे दुकानांना विकणारा घाऊक व्यापारी मोडत नाही. समजा, सरासरी विक्री ४०,००० डॉलर आहे. त्यातले २२,००० मेस आणि ग्राहकांचे, १८,००० व्यापाऱ्याचे असतील तर सवलत टिकते. व्यापाऱ्याचे २१,००० झाले की गेली.

आपल्याकडच्या भाज्या पिकवणारे इथे हमखास फसतात. भेंडी, वांगी, बटाटे ‘क्वचित कच्चं खाल्लं जाणाऱ्या’ पिकांच्या यादीत असल्याने त्यांना नियम लागत नाही. कोथिंबीर, काकडी, टोमॅटो त्या यादीत नाहीत. पण २५,००० ची मर्यादा मोजताना भेंडीचे पैसेही धरायचे असतात.

सवलतीसाठी तारखेसह विक्रीच्या पावत्या ठेवा. दरवर्षी पात्रता पुन्हा तपासल्याची लेखी नोंद करून तिच्यावर सही व तारीख घाला. पावत्या बहुतेकांकडे असतात, ही नोंद मात्र नसते. विक्रीच्या जागी शेताचं नाव आणि पूर्ण पत्ता (रस्ता किंवा पोस्ट बॉक्स, शहर, राज्य, झिप कोड) लावणं बंधनकारक आहे. नुसतं इन्स्टाग्रामचं नाव चालत नाही.

सवलत नसेल तर शेतातल्या किमान एका जबाबदार व्यक्तीने एफडीएमान्य अभ्यासक्रमाच्या तोडीचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. सहसा प्रोड्यूस सेफ्टी अलायन्स या प्रशिक्षण उपक्रमाचा ७ भागांचा वर्ग करतात. सगळ्या भागांना हजर राहावं लागतं, नाहीतर प्रमाणपत्र मिळत नाही. नाव विद्यार्थ्याचं देऊ नये; तो पदवी घेऊन गेला की शेतात प्रशिक्षित कोणी उरत नाही. कायम नोकरीतला शेत व्यवस्थापक पाठवावा. सवलतीतल्या शेतावर ही सक्ती नाही, तरी पाठवावाच.

सवलत नसलेल्या शेतावर विद्यार्थ्यांनाही कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा शिकवावं लागतं: हात धुणं, आजारी असताना भाजीला हात न लावणं, पक्ष्यांची विष्ठा पडलेला किंवा जमिनीवर गळून पडलेला माल न उचलणं. सत्राच्या मध्यात रुजू झालेला मुलगा इथेच सुटतो. वर्गाच्या नोंदीत तारीख, विषय आणि उपस्थितांची नावं हवीत.

भाजी धुण्याचं पाणी विहिरीचं व प्रक्रिया न केलेलं असेल तर पहिल्या वर्षी ४ चाचण्या, निकाल चांगले आले तर पुढे वर्षाला १. १०० मिली पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) अजिबात आढळता कामा नये. प्रशिक्षणाच्या आणि पाण्याच्या नोंदी २ वर्षं जपाव्या लागतात. फाइल शेताबाहेर, विभागाच्या कार्यालयात असेल तर मागितल्यापासून २४ तासांत आणून दाखवता आली पाहिजे, म्हणून कपाटाची किल्ली दोघांकडे ठेवा.