टोकमोक, बुराना टॉवर आणि त्याआधीचं सुयाब

किर्गिझस्तानात बिश्केकहून पूर्वेला साधारण 60 किलोमीटरवर टोकमोक आहे. बाजार, मार्शरुतकांचा (शेअर मिनीबसचा) स्टँड, सोव्हिएत काळातल्या बिल्डिंगा, एवढंच गाव, म्हणून बहुतेक लोक इथून टॅक्सी करून बुराना टॉवर हा जुना मिनार बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तिकडे एमबीबीएसला गेलेल्या आपल्या मुलांपैकी कोणी हे वाचत असेल तर कळकळीने सांगतो, नुसता टॉवर बघून परत येऊ नका.

कारण या परिसराची गोष्ट टॉवरच्या कितीतरी आधी सुरू होते. टोकमोकजवळच अक-बेशिम नावाचं गाव आहे, त्याच्या शेजारी मातीचे उंचवटे दिसतात, तेच जुनं सुयाब. रेशीम मार्गावरचं हे व्यापारी शहर सोग्दियन या मध्य आशियातल्या व्यापारी लोकांनी वसवलं आणि पुढे ते पश्चिमी तुर्कांच्या खानाचं ठाणं झालं. 630 च्या सुमारास इथे युआन श्वांग आला होता, शाळेच्या इतिहासात पुलकेशीच्या धड्यात भेटतो तोच! त्याच्या चरित्रात खानाचं वर्णन आहे, हिरवा रेशमी झगा, मोकळे सोडलेले केस आणि कपाळावर रेशमी पट्टी. मेजवानीत बाकीच्यांना मांस आणि दारू, या भिक्षूसाठी मात्र वेगळं शाकाहारी जेवण आणि द्राक्षाचा रस. खानाने त्याला भारतात जाऊच नको म्हणून सांगितलं, फार गरम देश आहे म्हणे. तो ऐकला नाही आणि पुढे दहा-एक वर्षांनी महाराष्ट्रात पोचला, इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. सुयाब आणि आपण एकाच माणसाच्या प्रवासात आहोत, हे मला फार भारी वाटतं.

679 मध्ये तांग घराण्याच्या चिनी सैन्याने सुयाबला तटबंदी बांधली. इथे बौद्ध मंदिरं सापडली आणि ख्रिस्ती चर्चसुद्धा. गंमत म्हणजे बरीच वर्षं अभ्यासक अक-बेशिमलाच बालासागुन समजत होते, 1982 मध्ये सुयाबच्या एका चिनी अधिकाऱ्याचं नाव असलेला कोरीव दगड मिळाला आणि हे सुयाबच यावर शिक्कामोर्तब झालं.

बालासागुन म्हणजे बुरानाचं शहर. कराखानी तुर्कांनी मुसलमान झाल्यावर इथे राजधानी केली आणि 11 व्या शतकात हा मिनार बांधला, तेव्हा तो 40 मीटरच्या वर होता असं मानतात. भूकंपात वरचा भाग पडला, आता 25 मीटरच्या आसपास उरलाय आणि 1970 च्या दशकात त्याची डागडुजी झाली. आतला जिना अरुंद, अंधारा आणि चांगलाच खडा आहे, मोबाईलचा टॉर्च लावूनच चढा. बाहेर गवतात बालबाल, म्हणजे माणसाची आकृती कोरलेले दगड, उभे आहेत, कोणाला मिशा, कोणाच्या हातात पेला. ते सगळे मूळचे तिथलेच नाहीत, आजूबाजूच्या भागातून आणून ठेवलेत. 1000 सोमच्या नोटेवरचा कवी युसूफ बालासागुनी याच शहरातला.

मंगोल आले तेव्हा बालासागुन न लढताच त्यांच्या ताब्यात गेलं, त्यामुळे कत्तल टळली, पण पुढे शहर ओसरत गेलं. बुराना आणि बिश्केकजवळच्या कारा-जिगाच इथे 1338-39 सालचे ख्रिस्ती थडग्यांचे दगड खूप सापडले, काहींवर मृत्यूचं कारण साथीचा रोग असं कोरलंय. कारा-जिगाचच्या सांगाड्यांत प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं, म्हणजे युरोप उद्ध्वस्त करणाऱ्या त्या महामारीचा माग इथपर्यंत येतो.

टोकमोक त्या मानाने अगदी अलीकडचं, आधी कोकंद या मध्य आशियातल्या राज्याच्या खानाचा किल्ला, मग 1864 पासून रशियन ठाणं. जिल्ह्याचं मुख्यालयसुद्धा इथेच होतं, पण 1878 मध्ये चुय नदीच्या पुराने नुकसान झालं आणि ते पिश्पेकला हललं, तेच आजचं बिश्केक.

सुयाब आणि बालासागुन दोन्ही 2014 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, तरी टॅक्सीवाले आपणहून बुरानालाच नेतात, म्हणून भाडं ठरवतानाच अक-बेशिमचं नाव घ्या आणि आधी तिकडे जा, बुराना नंतर.